खुंटा उभा असेपर्यंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला थांबून आठवावं लागत नाही. माझ्या भोजाईचे. भोजाई म्हणजे वहिनी. आमच्या गोरबोलीतला शब्द. दारव्ह्याहून आत गेलं की कापसाच्या शेतांना लागून आमचा बंजारा तांडा आहे. आई लवकर गेली, वडील अंथरुणाला खिळलेले, आणि घर चालवणारा दादा माझ्याहून बराच मोठा. भोजाई लग्न होऊन आली तेव्हा मी पाचवीत होतो.

सातवी झाल्यावर दादानं ठरवलं की आता ह्यानं ऊसतोडीला यायचं. तांड्याच्या तोंडाशी ट्रक उभा होता, भांडी चढली होती, माझी चादरही चढली होती. भोजाईनं माझं दप्तर उचललं आणि ती ट्रकच्या चाकापुढे जाऊन बसली. दादानं तिला केसांना धरून बाजूला ओढलं आणि सगळ्यांसमोर लाथ घातली. ती उठली, पुन्हा चाकापुढे बसली. त्यानं पुन्हा ओढलं. ती पुन्हा आली. शेवटी ट्रकवालाच कंटाळून म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्या पोट्ट्याले बाप्पा, मले उशीर होऊन राह्यला." ट्रक त्या दोघांना घेऊन गेला, मी वडिलांजवळ राहिलो. जाताना मागच्या फळीवरून तिनं दप्तर माझ्याकडे फेकलं. तिच्या ओठातलं रक्त त्याच्या पट्ट्याला लागलं होतं. मी तो पट्टा धुतला, पण डाग फिका होऊन राहिलाच. दहावीपर्यंत तेच दप्तर मी वापरलं.

पुढे दारव्ह्याला शिकलो, मग यवतमाळला. आमच्या तांड्यातला मी पहिला पदवीधर. आता यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. ते इंग्रजीच त्या होळीला कामी आलं.

आमच्या विभागप्रमुखांच्या ओळखीचं एक परदेशी जोडपं आलं होतं. दोघंही निवृत्त शिक्षक. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातले. ताजमहाल वगैरे पाहून झालं होतं. आता त्यांना ह्या देशातली मूळची माणसं, त्यांचे सण, त्यांचं खाणंपिणं पाहायचं होतं. "तुझ्या तांड्यातली होळी दाखव ना," विभागप्रमुख म्हणाले. मला मनापासून आनंद झाला. मी आठवडाभर तयारी केली. आरशांची चोळी म्हणजे कांचळी, हस्तिदंती बांगड्या जाऊन प्लास्टिकच्या कशा आल्या, होळीची लेंगी गाणी, सगळ्याला इंग्रजी शब्द शोधून ठेवले.

जीपमध्ये मी आधीच खरं सांगून टाकलं. म्हटलं, इथले मूळचे म्हणजे डोंगरातल्या पोडांवर, म्हणजे पाड्यांवर, राहणारे कोलाम, आणि गोंड. आम्ही नंतरचे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून आमचे लोक देशभर हिंडायचे. रेल्वे आली, तो धंदा गेला, आणि जिथं बैल थांबले तिथं तांडे झाले.

"म्हणजे तुम्हीपण पाहुणेच," बाई हसून म्हणाल्या.

"हो. पण जुने पाहुणे."

मग मी त्यांना खुंट्याचा खेळ समजावला. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला असेल त्या घरापुढे धुळवडीच्या दिवशी पळसाचा जाड खुंटा जमिनीत गाडतात. त्याला गोडाचं भांडं बांधतात. बायका हातात निरगुडीचे ओले फोक घेऊन भोवती उभ्या राहतात, आणि पुरुषांनी आत शिरून तो खुंटा उपटायचा. बायका मारतात. खोटं नाही, खरंच मारतात. पुरुषानं घोंगडी पुढे धरायची, आडवी काठी धरायची, मार चुकवायचा. पण उलट हात उचलायचा नाही. आत शिरायचं ते फक्त खुंट्यासाठी. खुंटा उभा असेपर्यंत पडलेल्या कुठल्याही फटक्याची नंतर कोणी विचारणा करत नाही. ना घरात, ना पंचायतीत. खुंटा निघाला की फोक खाली.

बाईंनी ते सगळं वहीत उतरून घेतलं. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी काय?"

"बाकीच्या दिवशी कोण कोणाला मारतं?"

तेवढ्यात गाडीपुढे बकऱ्या आल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि बोलणं तुटलं.

तांड्यात नायकानंच, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, पुढे येऊन आमचं स्वागत केलं. त्या वर्षी खुंटा त्याच्याच घरापुढे होता, नातू झाला होता. पांढरं धोतर, लाल पागोटं. त्यानं मला बाजूला घेतलं. आमचं बोलणं गोरबोलीतलंच असतं. इथे वाचणाऱ्याला कळावं म्हणून मी ते वऱ्हाडीत लिहितो आहे.

"लोक म्हनतात बंजारे नुसते मारामाऱ्या करतात," तो म्हणाला. "तू त्यांयले नियम सांगजो. आपल्या मारात नियम हाय, हे बराबर सांगजो."

"सांगितला आहे नायक. त्यांनी लिहूनही घेतला."

"लिहून घेतला?" तो खूश झाला. "मंग त पक्का झाला."

पाहुण्यांना त्याच्या ओट्यावर चहाला बसवून मी घरी गेलो. भोजाई चुलीपुढे बसली होती. घुंगट एका बाजूनं इतका खाली ओढलेला की अर्धा चेहराच दिसत नव्हता. मी खाली बसलो तेव्हा दिसलं. डावा डोळा सुजून बंद झाला होता. भोवतीचं कातडं वांग्यासारखं जांभळं.

"हे काय?"

"म्हशीनं शिंग मारलं."

"आपल्याकडे म्हैस कुठं आहे?"

"मंग दुसऱ्याची असंन, बापू." ती चांगल्या बाजूनं हसली. लहानपणापासून ती मला बापूच म्हणते.

पुतणी दाराशी दहावीचं पुस्तक उघडून बसली होती. पुस्तकावरून नजर न काढता ती म्हणाली, "पाटा उचलला होता बाबानं. आई सरकली म्हणून नुसती कड लागली."

मग सगळं कळलं. दादानं नेर गावाकडचं एक स्थळ ठरवलं होतं. पोरीची परीक्षा आटोपली की पंचांपुढे गोळ खायचा. आमच्याकडे मुलीच्या बापानं नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, बसून गूळ खाल्ला की सगाई झाली. मग ती मोडता येत नाही. भोजाईनं नाही म्हटलं. पोरगी अकरावीला यवतमाळला जाईल, आपला देर, म्हणजे दीर, तिथं आहे, असं ती म्हणाली. दादानं आधी हातानं उत्तर दिलं, नंतर तोंडानं. होळी झाली की तू तुझी पेटी घेऊन महागावला तुझ्या बापाच्या तांड्यात जा, पोरगी इथं राहील. त्यानं तसं नायकालाही सांगून ठेवलं होतं. नायक हो म्हणाला नव्हता, पण नाहीही म्हणाला नव्हता.

"मी दादाशी बोलतो," मी म्हणालो.

"काही बोलू नको. तुहे पाहुने हायेत आज." तिनं भाकरी उलटली. "मले एवढंच सांग, हिचं नाव त्या कॉलेजात लागंन का?"

"लागेल."

"मंग झालं."

आणि दादा? दादा त्या दिवशी पाहुण्यांशी इतका चांगला वागला, की त्यांनी नंतर मला दोनदा विचारलं, हाच का तो. त्यानं बाईंच्या यजमानांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना तांडा फिरवला, बाईंना बसायला स्वतःची खाट आणून टाकली. पुरुष खुंट्याकडे निघाले तेव्हा बाईंचे यजमानही हट्टानं उठले, मीही जाणार म्हणाले. दादानं आपली जाडजूड घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली.

"अन् तू?" कोणीतरी विचारलं.

"मले कायले लागते? बायकाच त हायेत," दादा म्हणाला. सकाळपासून मोहाची चढलेली होती.

डफ सुरू झाला. बायकांनी फेटियाचे, म्हणजे घागऱ्याचे, घेर कमरेला खोचले. आरशांवर ऊन असं नाचत होतं की डोळे दिपावेत. पहिली पोरं आत घुसली आणि फोकांचा आवाज सुरू झाला. ओला फोक हवेतून येतो तेव्हा शीळ घालतो, आणि अंगावर पडतो तेव्हा ओला कपडा दगडावर आपटल्यासारखा वाजतो. एकाच्या कानाची पाळी फाटली. एकाच्या बोटांची सालं निघाली. तो बोटं तोंडात धरून नाचत बाहेर आला, वर गाणं म्हणत. पाहुणे घोंगडी डोक्यावर घेऊन आत गेले. बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग नायकाची बायको, नायकण, म्हणाली, "गोरा हाय म्हनून काय झालं, खुंटा तोच हाय," आणि त्यांच्या पोटऱ्यांवर फोक असा बसला की ते मराठी माणसासारखे "आई" म्हणाले. सगळा तांडा हसला. बाई टाळ्या वाजवत मोबाईलवर चित्रण करत होत्या.

भोजाई खुंट्याला पाठ लावून उभी होती. ती ओरडत नव्हती, गात नव्हती. बाकीच्या बायका पायांवर मारत होत्या. ती खांद्यावर, मनगटावर, जिथं हाड आहे तिथं मारत होती. दोन धडधाकट माणसं तिच्यापर्यंत पोचून मागे फिरली. एक दंड चोळत म्हणाला, "आज हिच्या अंगात काय आलं बे?"

मग दादा शिरला. घोंगडी नाही, काठी नाही. हसत हसत, हात पसरून, सरळ तिच्याकडे. तिनं पहिला फोक त्याच्या दंडावर दिला, दुसरा गळ्याखाली. तो हसायचा थांबला. तिसरा त्याच्या तोंडावर आडवा बसला आणि नाकातून रक्त आलं. त्यानं तिचा फोक पकडला, हिसकला, मोडला, आणि मोडलेलं टोक मुठीत धरून तिच्या चेहऱ्यावर मारलं. घुंगट मागे पडला. तो बंद डोळा, ती जांभळी सूज, तिच्यावर आता नवी रक्ताची रेघ, सगळं भर उन्हात उघडं झालं.

डफवाल्यानं ते पाहिलं नव्हतं. तो वाजवत राहिला. बाईही टाळ्या वाजवत होत्या. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हेही खेळातच आहे ना?"

"नाही," मी म्हणालो. मग माझ्याही नकळत आमच्या बोलीत, मोठ्यानं म्हणालो, "हे खेळात नाही."

डफ थांबला. नायकणीनं भोजाईच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, दादाच्या मुठीकडे एकदा. "पोट्टा बराबर सांगते," ती म्हणाली. "हे खेळात नाही."

आणि सगळ्या बायका खुंटा सोडून दादाकडे वळल्या.

त्यानंतरचं मी पाहुण्यांना समजावू शकलो नाही. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं डोकं वाचवायला हात वर केले, तर हातांवर पडले. हात खाली केले, तर डोक्यावर पडले. तो गुडघ्यावर आला. कोणीतरी फोक उलटा धरून जाड बाजूनं मारायला लागलं. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि अजूनही मला तो फोकांच्या आवाजातून वेगळा काढता येतो. भोजाईनं दुसरीच्या हातातला फोक घेतला होता. ती न बोलता मारत होती. तिच्या तोंडावरून रक्त हनुवटीपर्यंत ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. दादानं मला हाक मारली. नावानं नाही. "भाऊ," म्हणाला. "भाऊ, मरतो मी."

पुरुष कडेला उभे होते. कोणी आत जाणार नव्हतं. खुंट्याशिवाय दुसऱ्या कामानं रिंगणात पाऊल टाकायचं नाही, हा नियम तोडायची त्या घडीला कोणाची छाती नव्हती. आणि मला दिसत होतं की आणखी थोडा वेळ गेला तर तो मरेल. तो मेला तर भोजाई तुरुंगात जाईल, आणि पोरीला मग कोणीच नाही.

म्हणून मी खुंट्यासाठी आत गेलो. पाहुणीबाईंची पिशवी माझ्या खांद्यालाच होती.

मी खुंट्याला मिठी मारली तेव्हा बायकांना कळलं, आणि निम्म्या फोकांनी माझ्याकडे तोंड केलं. नियमच तो. पाठीवर, मानेवर, कानांवर. खुंटा खोल होता. मी तो हलवत राहिलो, डावीकडे, उजवीकडे. डोळ्यांपुढे पिवळं-काळं व्हायला लागलं. मग एक फटका खांद्यावर असा बसला की हात बधिर झाला. मान वळवली तर भोजाई. तिनं मला पाहिलं. फोक वरच होता. तिनं पुन्हा मारलं. ज्या हातानं दप्तर फेकलं होतं त्याच हातानं, पूर्ण जोरानं. मी दात आवळून खुंट्याला छाती लावली आणि उपटला. गोडाचं भांडं मातीत सांडलं.

फोक खाली आले. लगेच, सगळे, एकदम. शेवटचा तिचा.

पाहुण्यांच्या जीपमध्येच दादाला दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. उन्हं उतरता उतरता आम्ही परतलो. त्याचा हात प्लास्टरात, डोक्याला टाके. नायक लिंबाखाली बसला होता, पंच भोवती. पाहुणे ओट्यावर होते. दादा उभ्या उभ्याच बोलायला लागला.

"हे बाई घरात नाई पाह्यजे मले. आज मारूनच टाकलं असतं हिनं. आत्ताच्या आत्ता महागावले पाठवा."

"कुठं मारलं?" नायकानं विचारलं.

"सारा तांडा पाहत होता, अन् तुमी मले विचारता?"

"रिंगनात?"

"हो."

"खुंटा उभा होता?"

नायकानं माझ्याकडे पाहिलं. "पाहुन्यांले काय सांगितलं होतं तू?"

मी सांगितलं. माझ्या मानेला सूज होती, वाकताही येत नव्हतं. ताठ उभा राहूनच सांगितलं. खुंटा उभा असेपर्यंत पडलेल्या फटक्याची विचारणा नाही. ना घरात, ना नसाबीत.

"त्यांनी लिहून घेतलं हाय," नायक म्हणाला. "आता मी त्यांच्या देखत तो नियम खोटा पाडू का? खुंटा उभा होता. तिच्या माराची विचारना नाई, महागाव नाई." मग आवाज खाली आणून, "पन तू हात उचलला. रिंगनात. त्याची विचारना हाय. पुढच्या होळीपावतर नसाबीत तुही बसक नाई."

मग मागून एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "बसक नाई त गोळ कसा खाईन? उभ्यानं?"

काहीजण हसले. भोजाई दूर बायकांत बसली होती. तिनं हळूच पोरीचा हात धरला.

दादानं ते पाहिलं. "प्लास्टर निघू दे," तो तिला म्हणाला. "मंग पाहतो."

"पाहजो," नायकण म्हणाली. "निरगुडी काही तुह्या एकट्याच्या धुऱ्यावर उगवत नाई."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये पाहुणे पोटऱ्या चोळत होते. बाईंनी वही उघडली, पेन हातात धरलं आणि काही न लिहिता मिटली. सकाळचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. मीच सांगितलं. ट्रकपासून पाट्यापर्यंत, सगळं. त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांचे यजमान काचेबाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडे असा एक दिवससुद्धा नाही."

त्या वर्षी जूनमध्ये मी भोजाईला हे पत्र लिहिलं. फोन दादाच्या खिशात असतो. ती पोरीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकली आहे, अक्षर अक्षर जोडून. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं आणि नायकणीच्या पत्त्यावर पाठवलं.

*भोजाई, रामराम.*

*पोरीचं नाव लागलं. वसतिगृहात खोलीही मिळाली. खिडकीतून मैदान दिसतं. तिला पहिल्या दिवशी रडू आलं, दुसऱ्या दिवशी नाही. ती माझ्याकडे रविवारी जेवायला येते आणि माझ्या भाकरीला नावं ठेवते.*

*माझा खांदा बरा आहे. हात वर करून फळ्यावर लिहिताना थोडा दुखतो. मुलं विचारतात सर काय झालं, तर मी म्हशीनं मारलं सांगतो.*

*तू मला दुसऱ्यांदा मारलंस ते बरोबर केलंस. नायकण सांगत होती, तुला त्याचं वाईट वाटून राह्यलं. वाटून घेऊ नको. तू हात थांबवला असतास तर लोक म्हणाले असते की दिरासाठी खेळ सोडला, मग नवऱ्यावरचा मारही खेळातला नव्हता. मग तुला महागाव होतं.*

*दादाचं प्लास्टर निघालं असेल. तो काय म्हणाला होता ते मी विसरलो नाही. त्यानं हात उचलला तर तू नायकणीकडे जा, तिला सांगून ठेवलं आहे. आणि तिथूनही निघावं वाटलं तर दारव्ह्याहून यवतमाळची बस धर. माझी खोली लहान आहे, पण चूल मांडायला जागा आहे. पेटी आणू नको. पेटी घेतलीस तर तू घर सोडलंस असं होईल. घर तुझं आहे.*

*इथपर्यंत एकटीनं वाचलं असशील तर मला तसं कळव. कागदावर फक्त 'वाचलं' एवढं लिही आणि पाठव.*

*तुझा बापू*